घरची इंटरनेट जोडणी : वेग पुरेसा आहे काय?

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली, त्या वेळी ती मोजक्या कार्यालयांच्या व हौशी ग्राहकांच्याच उपयोगाची होती. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर मात्र हे चित्र पार पालटले. दररोज लोकलने मुंबईकडे जाणारा ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील नोकरदार वर्ग घरी बसून काम करू लागला, आणि त्याच घरातील मुलांचे वर्गही मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. टाळेबंदी संपली, तरी घरून काम, ऑनलाईन अर्ज व परीक्षा हा व्यवहार कायम राहिला आहे. ऐन परीक्षेत किंवा मुलाखतीत जोडणी खुंटली, तर होणारी हानी किरकोळ नसते. म्हणून आपल्या घरचा वेग कामापुरता आहे किंवा नाही, हे पारखण्याची रीत प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

व्याख्या आणि गरज

ब्रॉडबँड कशास म्हणावे, याची किमान मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. २००४ च्या धोरणात ती सेकंदास २५६ किलोबिट होती. २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ पासून ती २ मेगाबिट आहे. परंतु ही मर्यादा केवळ नावापुरती होय. एखादी जोडणी ब्रॉडबँड म्हणविण्यास पात्र आहे, म्हणून ती चार माणसांच्या घरास पुरेलच, असा तिचा अर्थ नव्हे.

जाहिरातीतील आकडा वाचताना आणखी एक घोटाळा होतो. वेग मेगाबिटमध्ये मोजतात, तर फाईलचा आकार मेगाबाईटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाईट. त्यामुळे ५० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदास फार तर सव्वासहा मेगाबाईट माहिती उतरते आणि ५०० मेगाबाईटची फाईल येण्यास सुमारे ८० सेकंद लागतात. हा हिशेब ठाऊक नसल्यास आठपट कमी वेग मिळत असल्याचा गैरसमज होतो.

गरजेचा अंदाज घरातल्या घरात काढता येतो. डोंबिवलीतील चार माणसांचे एक कुटुंब उदाहरणादाखल घ्यावे. एकाची कार्यालयीन व्हिडिओ बैठक व दुसऱ्याचा ऑनलाईन वर्ग यांस प्रत्येकी सुमारे ४ मेगाबिट, दूरचित्रवाणी संचावरील स्पष्ट चित्रास ५ आणि एका मोबाईलला ३ मेगाबिट धरले, तर एकाच वेळची गरज १६ मेगाबिट होते. तीत निम्म्याची भर घातली, तरी २५ मेगाबिटच्या आसपासच आकडा येतो. सर्वसाधारण कुटुंबास याहून अनेक पटींनी महाग योजना घेण्याचे कारण बहुधा नसते. मात्र बैठक व वर्ग यांत आपले चित्र व आवाज बाहेरही जातात. म्हणून येणाऱ्या वेगाइतकेच जाणाऱ्या, म्हणजे अपलोडच्या, वेगाकडे लक्ष दिले पाहिजे. वरील कुटुंबास तो किमान ८ ते १० मेगाबिट असावा.

मोजणी कशी करावी?

वेग मोजणारी संकेतस्थळे विनामूल्य उपलब्ध आहेत. परंतु एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढू नये. प्रथम संगणक तारेने थेट राउटरला जोडावा, घरातील इतर उपकरणे बंद ठेवावीत आणि सकाळी, दुपारी व रात्री ९ च्या सुमारास अशी तीन दिवस मोजणी करून आकडे वहीत टिपावेत. त्यानंतर हीच मोजणी नेहमीच्या बैठकीच्या जागी वाय-फायवर करावी. वेगाबरोबरच संदेश जाऊन परत येण्यास लागणारा वेळही पाहावा. हा वेळ मिलिसेकंदांत दाखविला जातो. तो सतत कमीअधिक होत असेल, तर वेग भरपूर असूनही बैठकीतील आवाज तुटतो.

दोष कोठे आहे?

या नोंदी दोष नेमका दाखवितात. तारेवर वेग पूर्ण, पण वाय-फायवर अपुरा असेल, तर दोष घरातच असतो. कल्याण-डोंबिवलीतील दाट वस्तीच्या इमारतींत शेजारपाजारचे अनेक राउटर २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात चालतात व एकमेकांस अडथळा करतात. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तो भिंतींतून कमी पोहोचतो, म्हणून राउटर कपाटात किंवा कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवावा. योजना मोठी असूनही तारेवरचा आकडा ९५ मेगाबिटच्या जवळ अडकत असेल, तर जुन्या राउटरची अथवा तारेची मर्यादा १०० मेगाबिट आहे, असे समजावे.

दिवसा वेग चांगला आणि रात्रीच तो कोसळत असेल, तर एकाच वाहिनीवर ग्राहकांची गर्दी होत आहे, असे अनुमान निघते. महिन्याच्या अखेरीसच तो घटत असेल, तर योजनेतील माहितीवापराची मर्यादा संपली नाही ना, हे तपासावे. सर्व वेळी तारेवरही वेग अपुरा असल्यास सेवादात्याच्या वाहिनीत किंवा जोडणीत बिघाड असण्याचा संभव अधिक.

पूर्वी वेग ठरविणारी बाब वेगळीच होती. ठाणे शहर महानगर टेलिफोन निगमच्या क्षेत्रात होते, तर कल्याण-डोंबिवली भारत संचार निगमच्या. ठाण्याच्या दूरध्वनीचा संकेतांक ०२२, तर कल्याण-डोंबिवलीचा ०२५१, हा फरक त्यातूनच दिसे. तांब्याच्या तारेवरील सेवेत टेलिफोन केंद्रापासून घर जितके दूर, तितका वेग कमी मिळे. प्रकाशतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, जोडणीत शहरातील अंतराचा असा परिणाम जाणवत नाही. त्यामुळे घरापर्यंत फायबर आली असेल, तर घरातील मांडणीची तपासणी प्रथम करणेच योग्य.

तक्रार व दाद

दोष सेवादात्याचा असल्याची खात्री पटल्यावर त्याच्या तक्रार केंद्राकडे नोंद करावी व तक्रार क्रमांक अवश्य घ्यावा. तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ही द्विस्तरीय व्यवस्था भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनी घालून दिली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे. "नेट हळू चालते" या मोघम तक्रारीपेक्षा तारीख, वेळ व वेग यांची तीन दिवसांची नोंद केव्हाही अधिक वजनदार ठरते.

हीच रीत शाळा व ग्रामपंचायत कार्यालयांनाही लागू पडते. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेचा उद्देशच ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा आहे. मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील कार्यालयात दाखल्यांचे अर्ज भरताना किंवा शाळेत विद्यार्थ्यांची माहिती चढविताना मुख्यतः अपलोडचाच वेग कामास येतो. नवी जोडणी घेताना किंवा नूतनीकरण करताना हा आकडा सेवादात्याकडून लेखी घ्यावा, आणि तो प्रत्यक्षात मिळतो काय, हे महिन्यातून एकदा मोजून नोंदवहीत लिहून ठेवावे.