तिखटाचा फवारा डोळ्यांत गेल्यास

उन्हाळा आला की बिद्री परिसरातील घराघरांत वर्षाच्या चटणीची तयारी सुरू होते. मिरची कांडणाऱ्या डंकाजवळून जाताना लागणारा ठसका आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. हाच ठसका आता लहानशा डबीत बंद होऊन घरात आला आहे. शिक्षणासाठी कोल्हापूरला ये-जा करणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये किंवा दुकानाच्या गल्ल्यात स्वसंरक्षणार्थ पेपर स्प्रे ठेवला जातो. तो चुकून उडाला अथवा लहान मुलाच्या हाती लागला, तर काय करावे?

यास मिरपुडीचा फवारा म्हणत असले, तरी त्यात काळी मिरी नसून मिरचीचा तेलकट अर्क असतो. त्यातील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. म्हणून त्वचा न भाजताही भाजल्यासारखी आग होते. डोळे मिटतात, खोकला येतो, श्वास कोंडतो. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत एका खासदाराने असा फवारा मारला, तेव्हा काही सदस्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते. बंद दुकानात किंवा खोलीत त्रास अधिक होतो, तो यामुळेच.

प्रथम सर्वांनी मोकळ्या हवेत यावे. डोळे चोळू नयेत. वारंवार उघडझाप करावी. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढून टाकावी. डोळे स्वच्छ, गार पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावेत. आपल्या अनेक घरांत उकळून गार केलेले पाणी तयार असते, ते उत्तम. मात्र ते नसल्यास थांबू नये, नळाचे स्वच्छ पाणीही चालते. पाणी बेताने वापरण्याची सवय या वेळी बाजूला ठेवावी. चेहरा व हात साबणाने धुवावेत. साबण डोळ्यांत जाऊ देऊ नये. फवारा उडालेले कपडे बदलावेत. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातांत घालावी.

तूप, तेल किंवा मलम लावू नये. तेलकट अर्क त्याने त्वचेवर अधिक पसरतो. दुधाचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चेहऱ्याची आग शमवण्यात दूध पाण्याहून सरस ठरले नाही. शिवाय दूध निर्जंतुक नसल्याने डोळ्यांत घालणे योग्य नव्हे. बहुधा तासाभरात आग ओसरते. तोवर धीर धरावा.

दम्याच्या रुग्णास धाप लागल्यास, छातीत दुखल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तासाभरानंतरही डोळा दुखत असल्यास किंवा अंधुक दिसत असल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

बिद्रीसारख्या गावातून कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास वेळ लागतो. पहिली पंधरा मिनिटे घरच्यांच्याच हाती असतात. म्हणून मुलीच्या हाती ही डबी देताना तिला आणि घरातील सर्वांना पाण्याचा हा उपायही समजावून सांगावा.