स्पोर्ट्स कारमधील फेरफारांचा ध्यास : निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३२) या मोटारीच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

मोटार हे मूलतः वाहतुकीचे साधन होय. परंतु काही मालकांच्या बाबतीत हे साधनच साध्य होऊन बसते. स्पोर्ट्स कार घ्यावी, तिच्या यंत्रणेत फेरफार करावेत, त्यानेही समाधान न झाल्यास पुन्हा नवे फेरफार करावेत, या क्रमात मालकाची अनेक वर्षे आणि मिळकतीचा मोठा वाटा खर्ची पडतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा निव्वळ छंदिष्टपणा वाटतो. प्रतिष्ठेची हौस आणि वेगाचे आकर्षण ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. प्रतिष्ठाच हवी असेल तर महागडी मोटार विकत घेताच ती लाभते; मग हा ध्यास तेथे थांबत का नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या स्वभावाबरोबरच यंत्राच्या रचनेतही शोधण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी जपानमधील निसान कंपनीची स्कायलाइन जीटी-आर, आर३२ ही मोटार उदाहरणादाखल घेतली आहे.

शर्यतीसाठी जन्मलेली मोटार :

जीटी-आर हे नाव १९७३ नंतर बंद पडले होते. १९८९ मध्ये निसानने ते आर३२च्या रूपाने पुन्हा बाजारात आणले. त्यामागे ‘ग्रुप ए’ या शर्यतप्रकाराचे नियम होते. या नियमांनुसार टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाच्या क्षमतेस १.७ ने गुणून त्याचा वर्ग ठरत असे. आर३२चे सहा सिलिंडरांचे इंजिन २५६८ घनसेंटिमीटरचे होते. गुणाकारानंतर ही क्षमता सुमारे ४३६६ घनसेंटिमीटर, म्हणजे साडेचार लिटरच्या मर्यादेच्या आत राहते. इंजिनाचा आकार असा शर्यतीच्या हिशेबाने ठरलेला होता.

त्याचा परिणामही दिसून आला. १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतील सर्व २९ शर्यती या मोटारीने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथील प्रतिष्ठेची शर्यतही तिने १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षे जिंकली.

मर्यादेने निर्माण केलेली पोकळी :

शर्यतीतील मोटारीचे इंजिन पाचशेहून अधिक अश्वशक्ती देत असताना सामान्य ग्राहकास विकलेल्या मोटारीची नोंद मात्र २८० अश्वशक्तीची होती. याचे कारण तांत्रिक नव्हते. रस्त्यावरील अपघातांविषयी चिंता वाढल्याने जपानी मोटार उत्पादकांनी आपसांत एक अलिखित मर्यादा मान्य केली होती. १९८९ पासून २००४ पर्यंत, देशांतर्गत विक्रीच्या कोणत्याही मोटारीची शक्ती २८० पेक्षा अधिक जाहीर केली जात नसे.

म्हणजे इंजिनाची घडण एका कामासाठी झाली होती आणि त्यास परवानगी दुसऱ्याच कामाची होती. या मोटारीच्या टर्बोचार्जरचा दाब नियंत्रित करणाऱ्या नळीत अरुंद छिद्राचा एक लहानसा अवरोधक बसवलेला असे. तो काढून टाकला की दाब वाढतो आणि मोटार तत्काळ अधिक जोमाने धावू लागते. अवघ्या काही मिनिटांच्या कामाने मालकास असा प्रत्यय येतो की, आपणास विकलेली वस्तू पूर्णपणे आपल्या हाती दिलेलीच नव्हती. आर३२च्या बाबतीत फेरफारांच्या ध्यासाचे बीज या प्रत्ययात आहे.

फेरफारांची साखळी :

ध्यासाचे बीज एकदा रुजल्यावर तो वाढत का जातो, याचे उत्तर यंत्राच्या रचनेत मिळते. मोटारीचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाच्या ताकदीचा हिशेब करून घडवलेला असतो. एकाची शक्ती वाढवली की भार पुढच्या भागावर सरकतो.

आर३२च्या टर्बोचार्जरमधील फिरते चक्र सिरॅमिकचे होते. ते हलके असल्याने चटकन गती घेते, परंतु वाढीव दाब आणि उष्णता यांपुढे तुटण्याचा धोका असतो. म्हणून धातूच्या चक्राचा टर्बोचार्जर बसवावा लागतो. तो अधिक हवा आत लोटतो. त्या प्रमाणात इंधन मिळाले नाही तर इंजिनातील तापमान वाढून पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. त्यासाठी मोठे इंजेक्टर, जोरकस इंधन पंप आणि संगणकीय नियंत्रकाची नवी जुळणी आवश्यक ठरते. इंजिन अधिक फेऱ्यांवर फिरू लागले की सुरुवातीच्या इंजिनांतील आणखी एक उणीव उघड होते : क्रँकशाफ्ट आणि ऑइल पंप यांचा परस्परांशी स्पर्श होणारा भाग अरुंद आहे. तो निकामी झाल्यास वंगणाअभावी संपूर्ण इंजिन गमवावे लागते. त्यापुढे क्लच, गिअरबॉक्स आणि शेवटी ब्रेक यांची पाळी येते.

या साखळीस मालकाचा हट्ट तेवढा जबाबदार धरता येत नाही. खुद्द निसाननेही तिचाच मार्ग अनुसरला. १९९० मध्ये शर्यतीच्या मान्यतेसाठी काढलेल्या मर्यादित आवृत्तीत कंपनीने धातूच्या चक्राचे टर्बोचार्जर बसवले, आणि १९९३ च्या ‘व्ही-स्पेक’ आवृत्तीत ब्रेम्बो कंपनीचे अधिक समर्थ ब्रेक दिले. शर्यतीच्या संघास मात्र हंगामाचा शेवट आणि अंदाजपत्रक यांची मर्यादा असते. खाजगी मालकास अशी कोणतीही सीमारेषा नसते. प्रत्येक सुधारणा पुढील उणीव दाखवून देते आणि ‘आता एवढेच शेवटचे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले जाते.

ज्ञान, कायदा आणि जबाबदारी :

या साखळीतून जाणारा मालक नकळत विद्यार्थी होतो. ज्वलन, धातूंचा थकवा, वंगण, उष्णतेचे वहन हे विषय तो स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या चुकांतून शिकतो. अशा मालकांभोवती जपानमध्ये एक उद्योगही उभा राहिला. फेरफाराचे सुटे भाग बनविणारी एचकेएस ही कंपनी १९७३ मध्ये स्थापन झाली, तर या क्षेत्राचे प्रदर्शन १९८३ पासून भरू लागले आणि पुढे ‘टोकियो ऑटो सलोन’ या नावाने प्रसिद्ध झाले.

जपानी कायद्याची भूमिकाही लक्षणीय आहे. तेथे खाजगी मोटारीची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी होते. नव्या मोटारीस तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. १९९५ मध्ये नियम शिथिल होऊन अनेक सुटे भाग बदलणे सुलभ झाले; मोठे फेरफार मात्र कागदपत्रांसह मंजूर करून घ्यावे लागतात. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदलांस मनाई करते. जपानी व्यवस्थेचा भर तपासणीवर, तर भारतीय तरतुदीचा भर मनाईवर आहे, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

तथापि तपासणीने सर्व प्रश्न सुटत नाहीत. टोकियो उपसागराकाठच्या द्रुतगती मार्गावर रात्री बेकायदा वेग आजमावण्याचे प्रकार जपानमध्ये घडत आले आहेत. यंत्राची कसोटी बंदिस्त धावपट्टीवर घेतली तर धोका मालकाने स्वतः पत्करलेला असतो. सार्वजनिक रस्त्यावर तोच धोका इतरांवर त्यांच्या संमतीविना लादला जातो. छंद आणि अपराध यांतील सीमारेषा येथे आहे.

मूल्याचा उलटा प्रवास :

१९८९ ते १९९४ या काळात सुमारे ४४ हजार आर३२ जीटी-आर तयार झाल्या. त्यांपैकी असंख्य मोटारींत फेरफार झाले. पुढे अमेरिकेत, जुन्या विदेशी मोटारींस सूट देणाऱ्या २५ वर्षांच्या नियमानुसार, २०१४ पासून या मोटारीची आयात खुली झाली आणि तिच्या किमती वाढल्या. त्या वेळी संग्राहकांकडून सर्वाधिक मागणी आली ती फेरफार न झालेल्या मोटारींना. ज्या भागांना मालकांनी अपुरे म्हणून काढून टाकले होते, त्यांचाच शोध सुरू झाला. २०१७ मध्ये निसानने आर३२चे बंद झालेले काही सुटे भाग पुन्हा तयार करण्यास प्रारंभ केला.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, हा ध्यास प्रतिष्ठेच्या हौसेपुरता मर्यादित नाही. उत्पादकाने मोकळ्या ठेवलेल्या शक्यतेतून तो जन्मतो आणि यंत्राच्या परस्परावलंबी रचनेमुळे वाढत जातो. यंत्राकडून त्यास पूर्णविराम मिळत नाही. तो मालकानेच द्यावयाचा असतो, आणि कोठे थांबावयाचे हे ठरविण्यासाठी तांत्रिक ज्ञानाइतकाच विवेकही लागतो.