अपडेटनंतर मेल जातात कुठे?

वडखळ नाक्याजवळच्या डोलवीत पोलाद कारखान्याच्या आधाराने ट्रान्सपोर्टर, कंत्राटदार, सुटे भाग पुरवणारे यांची छोटी ऑफिसं उभी आहेत. धरमतरच्या खाडीत बार्जमधून कच्चा माल उतरतो, ट्रेलर भरून पोलाद बाहेर पडतं आणि परचेस ऑर्डरपासून थकलेल्या बिलाच्या तगाद्यापर्यंत बरंच काही मेलवर चालतं. अशा ऑफिसात सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि अपडेटनंतर इनबॉक्स रिकामाच दिसला, तर पोटात गोळा येणारच. पण अशा वेळी मेल बहुधा जागेवरच असतात. प्रोग्राम भलत्याच फोल्डरमध्ये बघत असतो.

‘थंडरबर्ड’ या मोफत प्रोग्रामचं उदाहरण घेऊ. प्रोग्राम एका जागी आणि आपले मेल, पत्ते, सेटिंग दुसऱ्या जागी, अशी त्याची रचना आहे. या दुसऱ्या फोल्डरला ‘प्रोफाइल’ म्हणतात. २०१९च्या ६८व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल मिळू लागलं. त्यामुळे ३२ बिटचा प्रोग्राम काढून ६४ बिटचा टाकला, की तो कधी कधी नवं, कोरं प्रोफाइल उघडतो आणि ‘खातं जोडा’ म्हणतो. जुनं प्रोफाइल त्याच डिस्कवर शाबूत असतं. हेल्प मेन्यूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइलची यादी उघडते. तिथून जुनं निवडलं, की सगळं परत दिसतं.

प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये एकदा डोकावून पाहावं. त्यातल्या खात्याच्या उपफोल्डरमध्ये ‘इनबॉक्स’ नावाची, एक्स्टेन्शन नसलेली एक फाइल असते. एरवीच्या मांडणीत एका फोल्डरचे सगळे मेल या एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेले असतात. शेजारी त्याच नावाची ‘एमएसएफ’ फाइल असते, ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी. ती बिघडली तर मेल असूनही यादी रिकामी किंवा विस्कळीत दिसते. ‘रिपेअर फोल्डर’ दिलं, की ती नव्याने तयार होते.

मूळ फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडली, तर मराठी मेलच्या जागी बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. तो बिघाड नव्हे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि मेल पाठवताना बऱ्याचदा वापरली जाणारी बेस-६४ पद्धत तीन बाइटची चार अक्षरं करते. म्हणून मराठीने सुरू होणारा मजकूर या ढिगात जवळपास नेहमी ४, के, एस या तीन खुणांनी सुरू होतो. त्या दिसल्या, की आपलं मराठी तिथे सुखरूप आहे असं समजावं.

अपडेटमधले सगळेच बदल मेलच्या साठ्याशी निगडित नसतात. २०२३च्या ११५व्या आवृत्तीत थंडरबर्डची टूलबार आणि मांडणी बदलली. तिथे फक्त ओळखीची बटणं शोधावी लागतात. २०२०च्या ७८व्या आवृत्तीत मात्र टीएलएस १.० आणि १.१ हे जोडणीचे जुने, कमकुवत नियम बंद झाले. जुन्या सर्व्हरवर चालणाऱ्या खात्यांत मेल येणंच थांबलं आणि दोष प्रोग्रामच्या माथी आला. गूगलनेही मे २०२२मध्ये वैयक्तिक खात्यांसाठी, बाहेरच्या प्रोग्रामने नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर आत शिरणं बंद केलं. अशा अटी आपल्याला जाचक वाटल्या, तरी त्या आपल्याच रक्षणासाठी असतात. म्हणून अपडेट टाळणं हा उपाय नाही.

खरा धोका घाईचा आहे. घाबरून फोल्डर डिलीट करणं, प्रोग्राम काढताना डेटाही पुसणं, यातून नुकसान होतं. खातं ‘आयमॅप’ असेल तर मेल सर्व्हरवर असतात, पुन्हा उतरतात. ‘पॉप’ खात्यात सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण केलेली नसेल, तर ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरची प्रत हीच एकमेव असू शकते. आपलं खातं कोणत्या प्रकारचं, हे आजच सेटिंगमध्ये बघा. मग प्रोग्राम बंद करून प्रोफाइलचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ही सवय दर महिन्याची करा. दोन वर्षांपूर्वीच्या ऑर्डरवरून वाद निघाला, तर छोट्या पुरवठादाराच्या हाती पुरावा म्हणून तो एक मेलच असतो.