घरातलं रेकॉर्डिंग आणि कॉम्प्युटरची घरघर

घरी गाणं रेकॉर्ड करण्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला गेलं, की दुकानदार आधी प्रोसेसरचा आकडा सांगतो, मग रॅमचा, आणि मग रंगीत दिवे लावलेला काचेचा कॅबिनेट पुढे करतो. त्यातून आवाज किती येतो, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आपलं काम तरी केवढं? मुलीने नात म्हणावी, मुलाने हार्मोनियमवर चाल बसवावी, दादीने ढोलकीवरची लग्नातली जुनी गाणी म्हणून दाखवावीत. एवढ्यासाठी फार ताकदीचं मशीन लागत नाही. ते शांत मात्र असायला हवं.

खोलीतली घरघर आपल्या कानाला काही मिनिटांत ऐकू येईनाशी होते. माईक मात्र ती शेवटपर्यंत टिपत राहतो. गळा खुला असतो तोवर ती झाकली जाते. दोन ओळींमध्ये गाणारी थांबते, श्वास घेते, तिथे ती उघडी पडते. वयस्क माणसाचा आवाज हळू असतो, तो मोठा करायला गेलं की घरघरही तेवढीच मोठी होते. सॉफ्टवेअरने ती कमी करता येते हे खरं, पण जास्त पुसलं की ‘स’ आणि ‘श’ची धार जाते, श्वास तुटक होतात, आणि दादी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटते.

हा आवाज येतो मुख्यतः पंख्यांतून. छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरतो, म्हणून किंचाळतो. वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट तशाच आणखी एका पंख्याची भर घातली तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. म्हणून १२० मिलिमीटरचे दोन मंद पंखे हे एका छोट्या वेगवान पंख्यापेक्षा केव्हाही बरे. प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला पुरतो, १२५ वॅटचा घेऊन उष्णता विकत घेऊ नये. वेगळं ग्राफिक्स कार्ड तर घेऊच नये. त्याचे पंखे सर्वांत त्रासदायक असतात आणि गाण्याला त्याचा काही उपयोग नसतो. त्या पैशात १६ जीबी रॅम आणि बरा माईक येईल.

पंखा नसलेली मशीनंही मिळतात. २०२० च्या अखेरीपासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे छोटे डबे कागदोपत्री ६ वॅटचे, त्यातले काही बिनपंख्याचे असतात. चार-पाच ट्रॅकच्या रेकॉर्डिंगला ते पुरेसे आहेत, सॉफ्टवेअरमधली पन्नास वाद्यं वाजवायला नाहीत. मात्र मराठवाडा-विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीत असं मशीन तापतं आणि तापलं की मंदावतं. तिथे मंद पंख्याचाच कॅबिनेट घ्यावा.

घरात जुना कॉम्प्युटर असेल तर आधी तो उघडून ब्लोअरने धूळ काढा. पुष्कळदा घरघर धुळीचीच असते, आणि नव्या मशीनचा खर्च वाचतो.

त्याहून स्वस्त उपाय अंतराचा. माईक आणि कॅबिनेट एकाच टेबलावर ठेवू नयेत. टेबलाचा थरथराट स्टँडमधून माईकमध्ये चढतो. यूएसबीची साधी वायर ५ मीटरपर्यंतच चालते, पण ऑडिओ इंटरफेसला जोडलेली माईकची तीन पिनांची वायर त्याहून कितीतरी लांब नेता येते. म्हणजे कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, गाणारी आत, मधलं दार लोटलेलं. कार्डिऑइड माईक पाठीमागून फार कमी ऐकतो, तेव्हा त्याची पाठ कॉम्प्युटरकडे करा.

आणि एवढं सगळं करून डोक्यावरचा सीलिंग फॅन चालू ठेवू नका! आपल्या घरात तो कॉम्प्युटरहून मोठा आवाज करतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची १०० हर्ट्झची गुणगुण हेही ध्यानात घ्या. दोन पिनांचा प्लग आणि नावापुरतं अर्थिंग असेल तर ५० हर्ट्झचा घुमारा वायरीतूनच येतो. तिथे शांत कॉम्प्युटर काही करू शकत नाही, इलेक्ट्रिशियन लागतो. रेकॉर्डिंगला फजरनंतरचा तास उत्तम. गल्ली जागी झालेली नसते आणि पंख्याविना बसवतंही.

आता साठवणीकडे. इथे लोक गरजेपेक्षा मोठी डिस्क घेतात आणि गरजेपेक्षा कमी डिस्का घेतात. एका माईकचं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग तासाला सुमारे ५२० एमबी होतं. म्हणजे १ टीबीत जवळजवळ १,९०० तास मावतात. (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, फसवणूक नव्हे.) कॉम्प्युटरच्या आत ५०० जीबीची एसएसडी पुरे. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून आवाज नाही. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०, आणि तोच १२० हर्ट्झचा सूर कॅबिनेटच्या पत्र्यातून घुमतो.

बॅकअपला मात्र बाहेरची हार्ड डिस्कच घ्यावी, आणि रेकॉर्डिंग चालू असताना ती काढून ठेवावी. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना कपाटात पडली तर तिच्यावर भरवसा नाही. प्रती तीन हव्यात: एक कॉम्प्युटरमध्ये, एक डिस्कवर, आणि एक घराबाहेर, भावाच्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडच्या घरांत पाणी शिरलं. अशा वेळी एकाच कपाटातल्या दोन डिस्का एकदमच बुडतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली व्हॉइस नोट ही प्रत समजू नये, तिथे आवाज दाबून लहान केलेला असतो. मूळ वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी पोहोचते. जागा वाचवायची असेल तर फ्लॅकमध्ये ठेवा. फाइल साधारण निम्मी होते आणि आवाजातलं काही गळत नाही. एमपी३मध्ये गळतं.

हा खटाटोप कशासाठी, तर जात्यावरची दखनीतली गाणी, चक्कीनामे, आमच्या भागात एकेकाळी घरोघर होते. जातं गेलं, तशा म्हणणाऱ्याही थोड्या उरल्या. त्यांच्या आठवणीत जे आहे ते पुन्हा कुणी म्हणून दाखवणार नाही.

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी तबकड्यांसाठी गायन केलं, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, तिथल्या कारागिरांना गायिका ओळखू यावी म्हणून. आपणही रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला माईकसमोर नाव, गाव, तारीख आणि हे गाणं कुणाकडून शिकलं ते बोलून घ्यावं. फाइलचं नाव बदलतं, डिस्कवरची चिठ्ठी निघून पडते. आवाजातच असलेलं नाव तसं सुटत नाही. मग फाइलला तारखेने सुरू होणारं नाव द्या आणि त्याच दिवशी, उठण्याआधी, दुसरी प्रत काढा.