बंदीतले दोन महिने आणि साखरेची गोळी

१ जूनला ट्रॉलर जेटीला बांधले की घरातला हिशेब बदलतो. ३१ जुलैपर्यंत वाटा नाही. दुकानदार तांदूळ उधारीवर देतो, फार्मसीवाला गोळ्या देत नाही. मग पहिली काट बसते ती साखरेच्या गोळीवर. दोनाची एक होते, एकीची दिवसाआड. लगेच काही त्रास होत नाही, म्हणून वाटतं, चाललंय की!

आमचे एक सभासद, पन्नाशीतले तांडेल, तीन पावसाळे असेच चालले. चौथ्या वर्षी ऑगस्टात पायाला शिंपला लागला. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाची जाणीव कमी होते. त्यांना दुखलंच नाही. आठवड्याने घरात वास आला तेव्हा बायकोने पाय बघितला. दोन बोटं काढावी लागली.

ऑपरेशन दीनदयाळ कार्डावर झालं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत मदत मिळते, आणि ती मोठीच आहे. पण कार्ड मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावर कामाला येतं. रोजची गोळी, साखर बघायच्या पट्ट्या, ड्रेसिंगला जायचं रिक्षाभाडं, बायकोचा बुडालेला मासळीबाजार, हे सगळं खिशातून. बांगड्या गहाण पडल्या त्या यासाठी. तोवर बोटीवर दुसरा तांडेल आला.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघालं: २६.४ टक्के, देशात ११.४. म्हणजे चौघांत एक. आपापल्या बोटीवर मोजून बघा.

सरकारी आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन फुकट मिळते. मान्य, ओपीडी सकाळी आणि लिलावही सकाळीच. अर्धा दिवस कोण घालवणार? पण बंदीत लिलाव कुठे असतो? तेव्हा तरी जा. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांत आल्या. चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहून द्या, असं डॉक्टरांना सांगायला लाजू नका. मात्र आपल्या मनाने गोळी बदलायची नाही.

बोटमालकांनो, खलाशाचं इन्सुलिन बर्फाच्या खणात टाकू देऊ नका. गोठलं की ते वाया गेलं, मग ते पुन्हा पातळ झालं तरी. इंजिनाच्या धगीपासून आणि उन्हापासूनही लांब ठेवा.

ते तांडेल आता शेडमध्ये जाळी दुरुस्त करतात. मिळकत पूर्वीच्या निम्मी. गोळ्या मात्र मे महिन्यातच, दोन महिन्यांच्या एकदम आणून ठेवतात.