दारू आणि मिळकत

दारू आणि मिळकत यांचे नाते वरवर वाटते तितके सरळ नाही. १९८८ साली बर्गर आणि ली या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील पगारांचा अभ्यास केला, तेव्हा पिणाऱ्यांचे पगार न पिणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. पुढच्या काही अभ्यासांतही बेताने पिणारे अधिक कमावताना दिसले. पण दारूमुळे पगार वाढतो, असे यावरून ठरत नाही. चांगली मिळकत असलेल्यालाच दारू परवडते. शिवाय आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही न पिणाऱ्यांत मोजले जातात आणि त्या गटाची सरासरी खाली येते.

हातावर पोट असलेल्यांचा हिशेब निराळा असतो. साताऱ्याजवळचे मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. वेण्णा नदीच्या खोऱ्यातील भातखाचरांवर वर्षभर भागत नाही, म्हणून इथल्या पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामाला गेल्या. अंगमेहनतीच्या कामात खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडते. उदाहरणादाखल, ५०० रुपये रोज मिळवणाऱ्याने दररोज १०० रुपये दारूवर घातले, तर वर्षाला ३६,५०० रुपये जातात. दारूपायी आठवड्याला एक खाडा धरला, तर आणखी २६,००० बुडतात. एकूण तोटा ६२,५०० रुपयांचा, म्हणजे सव्वाशे दिवसांच्या मजुरीचा. दवाखाना आणि सावकाराचे व्याज यांत धरलेले नाही.

खाडा न करताही नुकसान होते, हे अर्थशास्त्रज्ञ फ्रँक शिलबाख यांनी चेन्नईतील सायकलरिक्षा चालकांच्या अभ्यासातून दाखवले. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दिवसा शुद्धीत राहिल्यास पैसे देण्याची योजना त्यांनी राबवली. त्या चालकांची कमाई जवळपास होती तेवढीच राहिली, पण रोजची शिल्लक सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. दारू पैसा राखण्याच्या निर्धारावरही घाला घालते, हा त्याचा अर्थ.

घरात किती पैसा पोहोचला, हे घरातल्या बाईला सर्वांत आधी कळते. दारूबंदीच्या लढ्यात महिला पुढे राहिल्या, त्याचे हेही एक कारण. महाराष्ट्र सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केल्यास परवानाधारक दुकानाबाबत गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. जावळीतील महिलांनी हाच मार्ग धरला आणि हा तालुका दारूमुक्तीच्या लढ्यासाठी राज्यभर ओळखला जाऊ लागला.

दुकान बंद झाले म्हणून व्यसन आपोआप सुटत नाही. चोरटी विक्री सुरू राहते. म्हणून बंदीला उपचाराची जोड हवी. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले ‘परिवर्तन’ आणि पुण्यात १९८६ पासून चालणारे ‘मुक्तांगण’ ही व्यसनमुक्ती केंद्रे व्यसनाला आजार मानून उपचार करतात. माणूस बरा झाला की त्याची मजुरी पुन्हा घरी येऊ लागते.

बंदीच्या मतदानातला एक नियम मात्र लक्षात ठेवायला हवा : दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. त्यामुळे घरी बसलेल्या मतदाराचा फायदा दुकानालाच होतो. ज्या गावात अशी मतपेटी येईल, तिथल्या प्रत्येक बाईने त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, पण मतदानाला गेलेच पाहिजे.