स्मार्ट प्लग : बटण दाबणारा आणि हिशेब ठेवणारा

तुमच्या घरात टीव्हीच्या मागे किंवा एखाद्या दिव्याजवळ भिंतीच्या सॉकेटमध्ये एक छोटा पांढरा ठोकळा लावलेला असेल. ठोकळा सॉकेटमध्ये आणि दिव्याची पिन ठोकळ्यात. हा स्मार्ट प्लग. तो दोन कामं करतो. लांबून दिवा चालू-बंद करतो आणि किती वीज वापरली याचा हिशेब ठेवतो. (सगळेच प्लग हिशेब ठेवत नाहीत. विकत घेताना खोक्यावर वाचून बघा.)

आधी बटणाचं बघू. तुम्ही फोनवर 'चालू' दाबलं की प्लगमधून 'टक्' असा आवाज येतो. ऐकलाय का? तो आवाज रिलेचा. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. त्याच्या आत तारेचं एक बारीक वेटोळं असतं. वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक बनतं, लोखंडाची छोटी पट्टी ओढून घेतं, दोन टोकं जुळतात आणि दिवा लागतो. मी मराठी शाळेत असताना खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून, बॅटरी लावून टाचण्या उचलायचो. त्याला आम्ही 'विद्युतचुंबक' म्हणायचो. तेच हे! पट्टी कधी ओढायची, हे प्लगला वाय-फायवरून कळतं, एवढाच 'स्मार्ट' भाग. आणि गंमत म्हणजे तुम्ही प्लगच्या शेजारी उभे असलात, तरी बऱ्याच प्लगांमध्ये तुमचा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि मग परत तुमच्या घरात येतो. म्हणून इंटरनेट बंद पडलं की असा प्लग फोनचं ऐकत नाही. तेव्हा त्याच्यावरचं छोटं बटण बोटानं दाबायचं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दिवाळीत आमच्या ओसरीवरचा आकाशकंदील स्मार्ट प्लगवर असतो. पहिल्या वर्षी मी त्याला 'संध्याकाळी 6 वाजता लाग' असं सांगून ठेवलं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. मग पाचच्या आधीच अंधार पडला, आणि कंदील आपला सहाची वाट बघत बसला! आता मी वेळ सांगतच नाही, ॲपमध्ये 'सूर्यास्ताला चालू' असं निवडतो. (बाहेर लावायचा प्लग वेगळा असतो, पावसात चालणारा. घरातला प्लग बाहेर लावू नका.)

आता हिशेब. ॲपमध्ये दोन आकडे दिसतात आणि बरेच जण त्यात गोंधळतात. एक वॅट, दुसरा किलोवॅट-तास. गाडीची आठवण ठेवा. वॅट म्हणजे गाडीचा वेग : या क्षणाला वीज किती जोरात वापरली जातेय. किलोवॅट-तास म्हणजे गाडी एकूण किती लांब गेली. 1000 वॅटचं यंत्र एक तास चाललं, की एक किलोवॅट-तास होतो. भारतात यालाच 'युनिट' म्हणतात. आजीला विचारा, 'या महिन्यात किती युनिट आले?' ती लगेच बिल काढेल.

टीव्हीखालचा केबलचा डबा घ्या. तो समजा 15 वॅट खातो. फार वाटत नाही ना? पण तो दिवसरात्र चालू. 15 गुणिले 24 गुणिले 365 केलं, की वर्षाला साधारण 131 युनिट होतात. एका युनिटला 20 सेंट धरले, तर 26 डॉलर, आणि त्यातले कितीतरी तास कोणी टीव्ही बघतसुद्धा नाही. उलट फोनचा चार्जर नुसता लावून ठेवला, तर जवळजवळ काहीच खात नाही. त्याच्यावर स्मार्ट प्लग लावणं म्हणजे तोट्याचा धंदा, कारण प्लगला स्वतःलाही चालू राहायला साधारण एक वॅट लागतो.

फ्रिज किंवा फ्रीझर मोजायचा असेल, तर एका क्षणाचा आकडा बघू नका. त्याचा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो. निदान 24 तास मोजा. आणि मोजून झालं की प्लग काढून ठेवा. हे मी अनुभवानं सांगतोय. गॅरेजमधला फ्रीझर मोजून झाल्यावर मी प्लग तिथेच विसरलो. पुढच्या शुक्रवारी गावाला जाताना फोनला म्हणालो, 'सगळं बंद कर.' त्यानं सगळं बंद केलं. फ्रीझरसुद्धा! माझ्या आईनं साताऱ्याला परत जाण्याआधी चाळीस पुरणपोळ्या करून त्यात ठेवल्या होत्या. सोमवारी झाकण उघडलं तेव्हा वासानंच कळलं. ॲपमध्ये तीन दिवस '0 वॅट' दिसत होतं, पण मी बघितलंच नव्हतं. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, प्लगला काय कळतंय आत पोळ्या आहेत ते?"

हीटरबद्दल मात्र मी कडक आहे. हिवाळ्यात खोलीत ठेवायचा हीटर बहुधा 1500 वॅटचा असतो. अमेरिकेतल्या 120 व्होल्टवर म्हणजे साडेबारा अँपिअर धारा. तुमचा प्लग 10 अँपिअरचा असेल, तर तो तापून वितळू शकतो, आग लागू शकते. 15 अँपिअरचा असला तरी नको. तुम्ही शाळेतून हीटर चालू केलात आणि घरी त्याच्यावर कोणाचा टॉवेल पडलेला असला, तर? हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावायचा आणि खोलीत कोणी असतानाच चालू करायचा.

आणखी एक. चहाच्या किटलीवर प्लग लावला, तर ॲपच्या आलेखावरून घरी कोण किती वाजता उठलं, हेही दिसतं. म्हणून कोणाच्या खोलीत प्लग लावण्याआधी त्यांना विचारा, आणि ॲपचा पासवर्ड मित्रांना देऊ नका.

या आठवड्यात आई-बाबांना विचारून घरातलं एक यंत्र निवडा. टीव्ही, दिवा, भाताचा कुकर, काहीही चालेल. एक दिवस मोजा आणि वहीत तीन ओळी लिहा : यंत्राचं नाव, चालू असताना किती वॅट, 24 तासांत किती युनिट. भाताचा कुकर निवडलात, तर भात शिजतानाचा आकडा आणि नंतर नुसता गरम ठेवतानाचा आकडा असे दोन्ही लिहून आणा. रविवारी वर्गात फळ्यावर सगळ्यांचे आकडे मांडू.